वाचकांचे प्रश्न : झूम ब्लरचे फराटे आणि मधला माणूस

दिवाळीच्या आगेमागे झूम ब्लरविषयीची, म्हणजे शटर उघडे असताना झूम रिंग फिरवून फोटोत मध्यापासून बाहेर धावणारे फराटे आणण्याविषयीची, पत्रे वाढतात. दिव्यांच्या माळा, आकाशकंदील, गर्दी हे सगळे समोर असते आणि हातात झूम लेन्स. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचे मूळ एकच आहे, म्हणून पहिले उत्तर जरा लांबले आहे. बाकीची वाचताना ते हाताशी ठेवावे.

प्रश्न : माझ्याकडे १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. १/४ सेकंद शटर ठेवून झूम रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. मागच्या झाडांना छान फराटे आले, पण मधे उभ्या असलेल्या बहिणीचा चेहराही पुसला गेला. काय चुकले? (नाशिक)

मोठ्या छिद्राला, म्हणजे एफ/२.८ला, मागचे धूसर होते ते अंतरामुळे. जे फोकसच्या पातळीपासून लांब, ते जास्त धूसर. झूम ब्लरला अंतराशी काही देणेघेणे नाही. त्याला फक्त फ्रेमचा मध्यबिंदू कळतो. रिंग फिरली की चित्रातला प्रत्येक बिंदू मध्यापासून बाहेर किंवा मध्याकडे सरकतो, आणि मध्यापासून जितका दूर तितका जास्त सरकतो. बहीण दोन मीटरवर आणि झाड वीस मीटरवर असले, तरी दोघांचे फ्रेममधले स्थान सारखे असेल तर फराटाही सारखाच.

आता आकडे पाहा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा असतो, मध्यापासून कोपरा सुमारे ३६०० पिक्सेलवर. चेहरा अगदी मधोमध आहे आणि मध्यापासून त्याची कड २५० पिक्सेलवर आहे असे धरू. १८ वरून ५५ मिमीवर गेलात की चित्र तिपटीने मोठे होते, म्हणजे ती कड २५० वरून साडेसातशेच्या पुढे गेली. इतक्या हालचालीत नाक-डोळे उरतील कसे? तेच ३० वरून ३३ मिमी, म्हणजे फक्त दहा टक्के फिरवले तर चेहऱ्याची कड २५ पिक्सेल सरकते, मध्याजवळचे डोळे दहाएक पिक्सेल, आणि कोपऱ्याकडे तीनशेच्या वर पिक्सेलचे फराटे येतात. पार्श्वभूमी सुटी दिसायला एवढे पुरते. पहिला धडा हा की रिंग पूर्ण फिरवू नका. जवळजवळ प्रत्येक नवा माणूस गरजेच्या कितीतरी पट फिरवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबा. शटर उघडल्याबरोबर फिरवायला लागायचे नाही. शटर एक सेकंद ठेवा, पहिले अर्धा-पाऊण सेकंद रिंगला हात लावून नुसते स्थिर राहा आणि उरलेल्या वेळात दहा ते वीस टक्के फिरवा. निम्म्याहून जास्त प्रकाश स्थिर चित्रात पडतो, त्यामुळे चेहरा ठळक उमटतो आणि फराटे त्यावर पातळ थरासारखे बसतात. अर्थात एक सेकंद बहिणीने हलता कामा नये. पाठीला भिंत किंवा खांब मिळाला तर उत्तम. लहान मुलांवर हा प्रयोग करू नये, त्यांच्यासाठी पुढे फ्लॅशचे उत्तर आहे.

करायचे असे : कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद, आयएसओ १००, शटर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल. ज्या फोकल लेंग्थवर (लेन्सच्या मिमीवर) थांबणार आहात तिथेच फोकस करा आणि मग फोकस मॅन्युअलवर टाका. बहुतेक फोटो-लेन्समध्ये झूम बदलला की फोकसही किंचित घसरतो. ५५ला फोकस करून १८ला थांबलात तर स्थिर भागही मऊ येईल. रिंग मुठीत आवळू नका. अंगठा आणि दोन बोटांनी हलकेच धरा, नाहीतर फिरवताना ट्रायपॉडचे डोकेच वळते आणि सरळ फराट्यांऐवजी चाप उमटतात. शटर रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने सोडा.

चेहरा मधोमध असावाच लागतो, हे काहींना खटकते. त्यावर उपाय सोपा आहे. फ्रेम थोडी मोकळी ठेवून काढा आणि नंतर एका बाजूने कापा. चेहरा तिसऱ्या भागात येईल आणि फराटेही त्याच्याकडेच धावतील.

प्रश्न : दिवसा काढायला गेलो तर फोटो पांढराफटक पडतो. एफ/२२ केले तरी १/४ सेकंद मिळत नाही. (ठाणे)

भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ला शटर साधारण १/१२५ लागते. एनडी म्हणजे नुसता उजेड कमी करणारा फिल्टर. एनडी ८ने ते १/१५ होते, एनडी १६ने १/८, एनडी ३२ने १/४, एनडी ६४ने १/२. एकच घ्यायचा असेल तर एनडी ६४ घ्या. उन्हात एफ/११ला १/४ मिळते, ढगाळ दिवशी छिद्र मोठे करता येते. पोलरायझर असेल तर तोही दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खातो, तेवढ्यावर संध्याकाळी काम भागते. बदलता एनडी (फिरवून उजेड कमी-जास्त करता येणारा) लेन्स वाइडला, म्हणजे कमी मिमीला, असताना जास्त फिरवला तर आकाशात काळपट फुलीचा पट्टा येतो, म्हणून तो टोकापर्यंत नेऊ नये.

एफ/२२ टाळाच. एक तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) स्थिर भागाची धार जाते, दुसरे म्हणजे सेन्सरवरची धूळ उठून दिसते. तिची गंमत अशी की फराटे सगळीकडे पसरलेले असतात आणि धुळीचे ठिपके मात्र जागच्या जागी काळे, टोकदार. धूळ सेन्सरवर आहे, ती झूमबरोबर हलणार कशी!

प्रश्न : रिंग वाइडकडून टेलीकडे (कमी मिमीकडून जास्त मिमीकडे) फिरवावी की उलट? काही फरक पडतो का? (कोल्हापूर)

पडतो, आणि चांगलाच पडतो. कोणत्या टोकाला थांबता यावर विषयाची कड ठरते. शटर उघडे असताना प्रकाश फक्त साठतो, कमी कधी होत नाही, एवढे लक्षात ठेवले की पुढचे आपोआप समजते.

उजळ विषय, काळी पार्श्वभूमी. उदाहरणार्थ रात्रीच्या आकाशाखाली पेटलेला आकाशकंदील. इथे टेलीच्या टोकाला थांबा. कंदील तिथे सर्वांत मोठा दिसतो. वाइडकडे जाताना त्याची लहान होत जाणारी चित्रे त्या मोठ्या चित्राच्या आतच पडतात. बाहेर कंदिलाचा प्रकाश सांडत नाही, त्यामुळे कड धारदार राहते.

काळा विषय, उजळ पार्श्वभूमी. म्हणजे रोषणाईपुढे पाठमोरा उभा असलेला माणूस किंवा मावळतीवर देवळाचा कळस. इथे वाइडच्या टोकाला थांबा. तिथे विषय सर्वांत लहान असतो. टेलीकडे जाताना तो मोठाच होतो, म्हणून त्या लहान आकाराच्या आत पार्श्वभूमीचा प्रकाश कधीच शिरत नाही. आतला काळा रंग काळाच राहतो.

उलटे केलेत तर कंदिलाभोवती भुरकट सांडलेला प्रकाश दिसेल आणि कळसाच्या अंगावर दिव्यांचे ओरखडे. आधी थांबून मग फिरवा किंवा आधी फिरवून मग थांबा, त्याने उजेडाच्या हिशेबात फरक पडत नाही. आधी थांबणे हाताला सोपे जाते, इतकेच.

प्रश्न : ढोल-ताशा पथकातल्या वादकाचा असा फोटो काढायचा आहे. तो एक सेकंद स्थिर राहणार नाही हे उघड आहे. (सातारा)

इथे फ्लॅश लागेल. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ टिकतो, तेवढ्यात वादक गोठतो. बाकी उघड्या शटरमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांचे फराटे जमतात. अंधार पडल्यावर, किंवा निदान सांजावल्यावरच हे साधते. दुपारच्या उन्हात वादकावर उन्हाचाच उजेड जास्त असल्याने तो फराट्यांत विरघळतो.

कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/४ किंवा १/८, एफ/८, आयएसओ ४००. वातावरणाचा उजेड मीटर दाखवतो त्याहून एक स्टॉप कमी ठेवा, फ्लॅश ऑटोवर ठेवून अर्धा-एक स्टॉप खाली घ्या. फ्लॅश रिअर कर्टनवर, म्हणजे शटर मिटण्याआधी शेवटी उडणारा. वर सांगितलेला नियम इथेही लागू होतो. फ्लॅश उडेपर्यंत वादक जवळजवळ काळाच असतो आणि मागे दिवे लखलखत असतात. म्हणून टेलीकडून वाइडकडे या आणि वाइडला फ्लॅश उडू द्या. वाइडकडून टेलीकडे गेलात तर मागचे दिवे बाहेर सरकताना वादकाच्या गालावरून जातात. फ्रेम मात्र शेवटच्या, म्हणजे वाइड स्थितीप्रमाणे आधी जुळवून पाहा.

अंतराचा हिशेब करा. कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला एफच्या आकड्याने भागले की फ्लॅश पोचण्याचे अंतर मिळते) आयएसओ १००ला मीटरमध्ये साधारण १२ असतो. १२ भागिले ८ म्हणजे दीड मीटर, आयएसओ ४००ला दुप्पट, तीन मीटर. त्याहून लांबचा वादक अंधारात जाईल. मागची ओळ वादकापासून चार-पाच मीटर तरी दूर हवी, नाहीतर फ्लॅश तिलाही गोठवतो आणि विषय वेगळा पडतच नाही. रस्त्यावरचे दिवे पिवळट असतील तर फ्लॅशवर फिकट नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावावी. निळसर चेहरा आणि पिवळे फराटे ही जोडी डोळ्याला खुपते.

प्रश्न : गॅलरीतल्या एलईडी माळेचे फराटे सलग न येता ठिपक्याठिपक्यांचे आले. पणत्यांचे मात्र सलग आहेत. लेन्स बिघडली आहे का? (डोंबिवली)

लेन्स ठीक आहे, माळ लुकलुकते आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. साध्या माळेतले दिवे सेकंदाला ५० किंवा १०० वेळा विझून पेटतात, डोळ्याला ते कळत नाही. १/४ सेकंदात १२-१३ किंवा २५ ठिपके उमटतात. मोजून पाहा, माळेची आतली जोडणी कळेल. ठिपके नको असतील तर रिंग हळू फिरवा, म्हणजे ते एकमेकांना चिकटतील. ठिपके आवडले तर जलद फिरवा.

फराटे नागमोडी आले असतील तर दोष माळेचा नाही, हाताचा आहे.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये रेडियल ब्लर वापरून पार्श्वभूमीला झूम ब्लर दिला आणि वर मूळ माणूस मास्कने ठेवला. पण फोटोतल्या बाईच्या लाल साडीभोवती लालसर धूर पसरल्यासारखा दिसतो. फोटो खोटा वाटतो. (पुणे)

हा दोष इतका सर्रास दिसतो की छापील जाहिरातींतही सापडतो. कारण असे : ब्लर ज्या लेअरला दिलात त्या लेअरवर साडी होतीच. ब्लरने तीही फासली आणि फासलेली साडी मास्कच्या बाहेर डोकावते. ब्लर देण्याआधी त्या लेअरवरून माणूस पुसावा लागतो.

मूळ लेअरच्या दोन प्रती करा. वरची प्रत विषयाची. तिच्यावर सिलेक्ट सब्जेक्टने निवड करा, सिलेक्ट अँड मास्कमध्ये केसांच्या कडा नीट करून घ्या आणि लेअर मास्क लावा. आता मधल्या प्रतीवर या. कंट्रोल दाबून मास्कच्या चित्रावर क्लिक केले की तीच निवड परत येते. सिलेक्ट, मॉडिफाय, एक्स्पांड या वाटेने ती १५ ते २० पिक्सेलने वाढवा (६००० पिक्सेल रुंद फोटोसाठी) आणि कंटेंट-अवेअर फिलने माणूस भरून काढा. भराव ओबडधोबड आला तरी चालेल, बराचसा माणसाखाली झाकला जाणार आहे. फक्त साडीचा किंवा केसांचा अंश कडेला राहिलेला नको. तो दिसलाच तर क्लोन स्टॅम्पने काढा.

निवड काढून टाका. मग हा मधला लेअर स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे आकडे नंतर बदलता येतात. फिल्टर, ब्लर, रेडियल ब्लर. पद्धत झूम, अमाउंट २० ते ३०, क्वालिटी आधी ड्राफ्ट. ड्राफ्ट दाणेदार दिसतो पण लवकर होतो, आणि इथे प्रीव्ह्यू नसल्याने दोन-चारदा करून पाहावेच लागते. ब्लर सेंटरच्या डबीतले केंद्र ओढून चेहऱ्याच्या जागी आणा. डबी म्हणजे पूर्ण चित्र धरून अंदाज घ्यायचा. जमले की बेस्ट.

इथपर्यंत बरेच जण येतात. पुढचे तीन बारकावे राहून जातात.

झूम ब्लर केंद्राजवळ सर्वांत कमी असतो आणि केंद्र तर चेहऱ्यावर आहे. म्हणजे जिथे चेहरा पार्श्वभूमीपासून सुटायला हवा, नेमक्या त्याच कडेपाशी मागची फांदी जवळजवळ स्पष्ट राहते. अमाउंट वाढवून हे सुटत नाही, कोपरे तेवढे फाटतात. त्याऐवजी रेडियल ब्लरच्या आधी मधल्या लेअरला ४ ते ६ पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या. फराट्यांना काही होत नाही आणि चेहऱ्यालगतची जागा शांत होते. आमच्या मते एकट्या झूम ब्लरवर विसंबणे हीच मूळ चूक आहे.

पाय. माणूस जमिनीवर उभा असेल आणि पायाखालची फरशी फराट्यांत गेली, तर माणूस हवेत तरंगतो. स्मार्ट फिल्टरच्या मास्कवर खालून वर ग्रेडियंट ओढा, म्हणजे पावलांजवळची फरशी आणि सावली मूळचीच राहील आणि ब्लर मागे जाता जाता वाढेल. कमरेपासून वरचा फोटो असेल तर हा प्रश्नच नाही.

नॉइज. ब्लर दिलेला भाग काचेसारखा गुळगुळीत होतो, विषयावर मात्र सेन्सरचा दाणा असतो. मधल्या लेअरला एक ते तीन टक्के मोनोक्रोमॅटिक नॉइज द्या आणि शंभर टक्के झूम करून दोन्हीचा दाणा जुळतो का पाहा. मोकळ्या आकाशात पट्टे पडत असतील तर तेही यानेच बरेचसे मिटतात. मुळात फाइल १६ बिटमध्ये उघडलेली असावी.

आणखी एक. मागे दिवे असतील तर सॉफ्टवेअरचे फराटे राखाडी येतात, कॅमेऱ्यातले चमकदार. कारण फाइलमध्ये दिवा पांढऱ्यावर कापलेला असतो, खरा दिवा त्याच्या कितीतरी पट प्रखर होता. ब्लर दिलेल्या लेअरची प्रत करून तिचा ब्लेंड मोड स्क्रीन करा आणि ओपॅसिटी ३० ते ५० टक्के ठेवा. विषयाच्या लेअरखालीच ठेवा, वर नको.

प्रश्न : हेच गिंपमध्ये (फुकट मिळणाऱ्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये) होईल का? (चिपळूण)

होईल, आणि एका बाबतीत सोयीचे होईल. फिल्टर्समधल्या ब्लर यादीत झूम मोशन ब्लर आहे आणि त्याचा प्रीव्ह्यू थेट चित्रावर दिसतो. केंद्राचे एक्स-वाय आणि ब्लरिंग फॅक्टर एवढेच आकडे. ०.१ पासून सुरुवात करा, माणसांच्या फोटोला बऱ्याचदा ०.०५ पुरतो. इमेज मेनूतल्या प्रिसिजनमध्ये ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट आणि लिनिअर लाइट निवडा. माणूस पुसायला क्लोन किंवा हील टूल वापरावे लागेल, नाहीतर रीसिंथेसायझर हे प्लगइन वेगळे बसवा. बाकी क्रम वरचाच.

प्रश्न : मोबाइलने झूम ब्लर येतो का? (लातूर)

खऱ्या अर्थाने सहसा नाही. बहुतेक फोनमध्ये दोन-तीन स्थिर लेन्स असतात, मधला झूम म्हणजे नुसती कापणी. उघड्या शटरमध्ये फिरवायला रिंगच नाही. सॅमसंगच्या काही गॅलॅक्सी फोनांत पोर्ट्रेटमध्ये (पूर्वी त्याचे नाव लाइव्ह फोकस होते) झूम नावाचा परिणाम निवडता येतो. फोन अंदाजाने माणूस वेगळा करून मागे फराटे काढतो. मोकळे केस, चष्म्याची काडी, हातातला त्रिशूळ अशा बारीक वस्तूंवर तो हमखास चुकतो. केस बांधलेले आणि पार्श्वभूमी एकरंगी नसलेली, अशा वेळी निकाल बरा येतो. एकरंगी भिंतीवर फराटे दिसणारच नाहीत, हे कॅमेऱ्यालाही लागू आहे.

प्रश्न : चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात अश्व समोरून दौडत येतो. तो येताना झूम उलट फिरवला तर अश्व त्याच आकाराचा, स्पष्ट राहून फक्त वारकऱ्यांच्या रांगांना फराटे येतील ना? (फलटण)

कल्पना फार चांगली आहे आणि कागदावर बरोबरही आहे. अश्व जवळ येताना मोठा होतो, त्याच प्रमाणात झूम कमी केला तर त्याचा आकार तोच राहतो. हिशेब करू. वेग सेकंदाला १० मीटर, अंतर ४० मीटर, शटर १/८. तेवढ्यात तो सव्वा मीटर पुढे येतो, म्हणजे साधारण तीन टक्के. २०० मिमीची लेन्स १९४ वर यायला हवी. मध्यापासून २००० पिक्सेलवरच्या वारकऱ्याला साठ पिक्सेलचा फराटा मिळेल. चांगला दिसेल.

अडचण दोन ठिकाणी आहे. १/८ सेकंदात बरोबर तीन टक्के फिरवणे हाताच्या आवाक्यातले नाही. आणि दौडताना घोड्याची मान वर-खाली होते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिमीला ४० मीटरवरचा एक पिक्सेल सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो. मान दहा सेंटिमीटर जरी हलली तरी ऐंशी पिक्सेल झाले, म्हणजे घोड्याचे तोंड वारकऱ्यांपेक्षा जास्त पुसले जाईल.

त्यामुळे समोरून काढायचा तर शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवून स्पष्ट फोटो घ्या आणि झूम ब्लर वरच्या पद्धतीने नंतर द्या, केंद्र घोड्याच्या दोन कानांच्या मधे. बाजूला जागा मिळाली तर १/६०ला पॅनिंग करा (घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत काढा), उभ्या रिंगणाला तेच जास्त शोभते. घोड्याच्या वाटेत बसून काढायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

फोटो वर्तमानपत्राला किंवा स्पर्धेच्या वृत्तछायाचित्र विभागात द्यायचा असेल, तर नंतर दिलेला ब्लर चालत नाही. तिथे जलद शटरची मूळ फाइल पाठवा.